‘किरकोळ’ शत्रू : व्हिडिओ गेममधील एका पात्रवर्गाचा शब्दविचार

१. विषय आणि त्याची मर्यादा

मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये नायकाच्या वाटेवर घोळक्याने येणारे, दोन-चार ठोशांत आडवे होणारे आणि थोड्याच वेळात त्याच रूपाने पुन्हा समोर उभे राहणारे असे काही शत्रू असतात. त्यांना मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि भाषेच्या अभ्यासकाला तो तसा वाटू नये. एखादी नवी वस्तू शब्दावाचून भाषेच्या दारात येऊन उभी राहते, तेव्हा भाषा आपल्या जुन्या साठ्यातून तिच्यासाठी शब्द काढून पाहते. आणि कोणता शब्द हाताला लागतो यावरून त्या साठ्याची मांडणी कळून येते. प्रस्तुत प्रसंगी शोध आहे तो ‘दुर्बल प्रतिपक्षी’ या कल्पनेच्या वाचकांचा. मराठीने दुर्बलतेचे किती प्रकार मानले आहेत आणि त्यांपैकी कोणता या पात्रवर्गाला लागू पडतो, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश होय.

प्रथम क्षेत्र आखून घेणे आवश्यक आहे. मारामारीच्या खेळांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. एका वर्गात दोनच योद्धे समोरासमोर असतात. कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९१ सालचा ‘स्ट्रीट फायटर २’ हा या वर्गाचा ठळक नमुना. त्यातील प्रत्येक प्रतिपक्ष्याला स्वतःचे नाव, देश आणि लढण्याची रीत आहे. भारताच्या वाट्याला धालसिम नावाचा योगी आलेला आहे. ‘द्वंद्व’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘जोडी’ असा असल्यामुळे या वर्गाला द्वंद्वखेळ म्हणणे सार्थ ठरेल. दुसऱ्या वर्गात नायक एक, दोन किंवा फार तर तीन-चार. शत्रू मात्र झुंडीने येतात आणि त्यांचा फडशा पाडत पडद्यावरील रस्ता पुढे सरकतो. या वर्गाला झुंडखेळ म्हणता येईल. येथे विचारात घेतलेला पात्रवर्ग केवळ या दुसऱ्या प्रकारातच संभवतो.

हा भेद कोल्हापूरच्या वाचकाला समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानावर जी कुस्ती चालते, ती द्वंद्वाच्या तत्त्वावर. तेथे कुस्ती ‘लावली’ जाते, ‘जोड’ पाहिली जाते, प्रतिपक्षी ‘तोलाचा’ असावा अशी अपेक्षा असते. आणि लहान मुलांच्या कुस्त्यांतही दोन्ही बाजूंना नावानिशी ओळखले जाते. हरणारा चितपट होतो, पण अनाम होत नाही. झुंडखेळातील दुर्बल शत्रू या परंपरेला सर्वस्वी परका आहे. तो कोणाचीच जोड नाही.

२. पात्रवर्गाची घडण आणि कार्य

या वर्गाचे अगदी आरंभीचे रूप ‘आयरेम’ कंपनीच्या १९८४ सालच्या ‘कुंग-फू मास्टर’ या खेळात आढळते. नायक एकेक मजला चढत जातो आणि दोन्ही बाजूंनी माणसे धावत येऊन त्याला कवेत धरतात. त्यांपैकी प्रत्येक जण एका फटक्यात कोसळतो. परंतु ज्याने धरले, तो सुटेपर्यंत नायकाची शक्ती शोषून घेत राहतो. ते नायकाला मारीत नाहीत, केवळ अडवतात. पुढे १९८७ साली आलेल्या टेक्नोस कंपनीच्या ‘डबल ड्रॅगन’ने हा रस्ता शहराच्या गल्लीबोळांत आणला, आणि १९८९ च्या ‘फायनल फाइट’ने त्याला घाट दिला. तो घाट असा : प्रत्येक टप्प्यात आधी साध्या शत्रूंच्या लाटा, मध्येच एखादा बळकट गडी, आणि अखेरीस एक प्रमुख, ज्याला खेळाडूंच्या बोलीत ‘बॉस’ म्हणतात.

या घाटात साध्या शत्रूंची कामे निदान तीन सांगता येतात. पहिले शिक्षणाचे. ठोसा किती अंतरावरून लागतो, उडी केव्हा मारावी, पकड कशी घ्यावी, हे खेळाडू यांच्यावरच शिकतो. सूचनापत्र वाचून शिकत नाही. दुसरे मापनाचे. दोन ठोशांत पडणारा आधी भेटला नसेल, तर वीस ठोशांनीही न पडणारा बलाढ्य आहे हे कळण्यास मापच उरत नाही. तिसरे क्षयाचे. नायकाची शक्ती थोडी थोडी झिजवून त्याला बॉससमोर अर्धमेला उभा करावयाचा, हे काम यांचे. नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रात या तिसऱ्या कार्याला आर्थिक अर्थ होता. खेळ केव्हातरी संपला पाहिजे आणि दुसरे नाणे पडले पाहिजे, तरीही आपली फसवणूक झाली असे खेळाडूला वाटता कामा नये.

या शत्रूंचे बळ व्यक्तीत नसून संख्येत असते, याचा पुरावा याच ‘फायनल फाइट’ने पुरवला आहे. १९९० साली हा खेळ घरगुती यंत्रासाठी निघाला, तेव्हा त्या यंत्राच्या मर्यादेमुळे पडद्यावर एका वेळी तीनच शत्रू दाखवणे शक्य झाले; पार्लरमधील मूळ खेळात ते याहून कितीतरी अधिक येत. प्रत्येक शत्रू तोच, त्याचे ठोसे तेच, परंतु घोळका गेला आणि त्याबरोबर वेढले जाण्याचे भयही ओसरले. नायकाचे तोंड एका वेळी एकाच दिशेला असते. समोरच्याला तो सहज पाडतो. घात होतो तो पाठीमागून येणाऱ्याकडून.

३. नाव असून अनाम

महाराष्ट्रात आणि एकंदर भारतात या प्रकारचा जो खेळ व्हिडिओ गेम पार्लरमधून सर्वाधिक रुळला, त्यात कॅपकॉमचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ अग्रभागी येतो. मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या चित्रकथांवर आधारलेल्या या खेळाचे लांबलचक नाव येथे कोणाच्या तोंडी बसले नाही. त्यातील चार नायकांपैकी मुस्तफा कैरो या एकाच्या नावावरून संपूर्ण खेळालाच ‘मुस्तफा’ म्हणण्याचा प्रघात पडला. अंशावरून संपूर्णाचा बोध करून देणाऱ्या लक्षणेचे हे अगदी ताजे उदाहरण होय.

परंतु या लक्षणेची दुसरी बाजू अधिक उद्बोधक आहे. या खेळात शत्रूंनाही नावे आहेत. ठोसा बसताच त्या शत्रूचे नाव त्याच्या शक्तिदर्शक पट्टीसह पडद्यावर उमटते. खेळाडूने मुस्तफाचे नाव जितक्या वेळा वाचले असेल, त्याहून अधिक वेळा या शत्रूंची नावे त्याच्या डोळ्यांखालून गेली असतील. तरीही नायकाचे नाव खेळाला चिकटले आणि या नावांपैकी एकही तसे रूढ झाले नाही. याचे कारण लिपीच्या अपरिचयात शोधू नये. नायकाचे नावही त्याच रोमन लिपीत असते. कारण व्याकरणिक आहे.

‘फायनल फाइट’मध्ये ‘डग’ नावाचा एक शत्रू आहे. पडद्यावर एकाच वेळी असे तीन जण आले म्हणजे मराठीत ‘तीन डग आले’ असे म्हणावे लागेल. व्यंजनान्त पुल्लिंगी नामाचे रूप अनेकवचनात पालटत नाही, त्यामुळे बहुत्वाचा भार संख्याविशेषणावर आणि क्रियापदावर पडतो. परंतु ज्या क्षणी ‘तीन’ हे विशेषण लागले, त्या क्षणी ‘डग’ हे विशेषनाम उरले नाही, ते सामान्यनाम झाले. ‘प्रत्येक गावात एक नारद असतोच’ या वाक्यात नारदाचे जे होते, तेच येथे होते. फरक इतकाच की नारद आधी एक होता आणि मग त्याची जात झाली, हा डग मात्र जन्मतःच जात आहे. याच खेळातील अँडोर नावाच्या धिप्पाड गड्यांचे थोरले-धाकटे, बाप, आजा, काका असे एक कुटुंबच उभे केलेले आहे. चित्र मात्र सर्वांचे जवळजवळ एकच, कपड्यांचे रंग तेवढे निराळे. यंत्राच्या स्मरणकोशात जागा थोडी, म्हणून एकच आकृती रंग बदलून पुन्हा वापरावयाची, ही त्या काळची सर्वमान्य युक्ती होती. नात्याचे नाव व्यक्ती निर्माण करू पाहते आणि आकृती ती पुसून टाकते.

येथे संख्यावाचकांच्या दोन प्रकारांतील भेद ध्यानात घेणे उपयुक्त ठरेल, आणि त्यासाठी कोल्हापुरातील राजारामपुरीचे उदाहरण घेता येईल. या पेठेतील गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात : पहिली गल्ली, पाचवी गल्ली, आठवी गल्ली. येथे नावाच्या ठिकाणी अंक आला म्हणून गल्लीचे व्यक्तित्व हरपलेले नाही. उलट, ‘राजारामपुरी आठवी गल्ली’ एवढे पत्त्यावर लिहिले की ती इतर सर्व गल्ल्यांपासून निःसंदिग्धपणे वेगळी होते. क्रमवाचक अंक व्यक्ती दाखवतो. याच्या उलट ‘आठ गल्ल्या’ असे म्हटले की कोणतीच एक गल्ली डोळ्यांसमोर उभी राहत नाही; गणनावाचक अंक व्यक्तीला समूहात विरघळवतो. झुंडखेळातील दुर्बल शत्रूला नाव दिलेले असूनही तो गणनावाचकाच्या कक्षेत राहतो. आठवा कोणता हे कोणी विचारीत नाही. आठ होते एवढेच स्मरते.

ही रीत जुनी आहे. महाभारतातील गणनेप्रमाणे एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ असते. अठरा अक्षौहिणींचे पायदळ १९,६८,३०० होते. उद्योगपर्वात भीष्म दोन्ही सैन्यांतील वीरांची रथी, अतिरथी, महारथी अशी प्रतवारी लावतो आणि कर्णाला अर्धरथी म्हणून दुखावतो. परंतु दुखावले जाण्यासाठीसुद्धा प्रतवारीत स्थान असावे लागते. एकोणीस लाखांहून अधिक पायदळाला ते नाही. त्याला केवळ संख्या आहे.

४. मराठीतील शब्दसंपत्ती

आता मराठीच्या साठ्याकडे वळावयाचे. दुर्बल किंवा क्षुद्र प्रतिपक्ष्यासाठी जे शब्द सहज सुचतात, त्यांचे अर्थदृष्ट्या चार गट पडतात.

पहिला गट पायरीचा. ‘प्यादे’ हा शब्द फारसी ‘पियादा’ म्हणजे पायी चालणारा यावरून आला. बुद्धिबळाच्या पटावरील या सोंगटीला इंग्रजीत जो शब्द आहे, तोही लॅटिनमधील पायदळाच्या शिपायावरूनच निघालेला. संस्कृत ‘पदाति’ याच कुळातील, आणि पायदळाच्या शिपायाला ‘पाईक’ म्हणणारा जुना मराठी शब्दही तेथलाच. एकाच ‘पाया’पासून निघालेल्या या शब्दांच्या वाटा मात्र भिन्न झाल्या. प्यादे राजकारणाच्या भाषेत दुसऱ्याच्या हातचे बाहुले झाले. पाईक निष्ठेचा वाचक होऊन मानाला चढला. तुकोबांच्या गाथेत पाइकाचे रूपक विस्ताराने आले आहे, आणि आजही एखाद्या विचाराचा ‘पाईक’ म्हणवून घेण्यात भूषण मानले जाते. शिवाय प्याद्याला बढतीची आशा असते. शेवटच्या घरात पोचले की त्याचा वजीर होतो. झुंडखेळातील शत्रूला अशी वाट नाही. म्हणून ‘प्यादे’ हा शब्द जवळचा असला तरी नेमका नाही.

दुसरा गट गणनेबाहेरचा. गल्लीत खेळणाऱ्या मुलांत एखादे फारच लहान असले, तर त्याला ‘लिंबूटिंबू’ ठरवून खेळात घेतात. ते धावते, पळते, परंतु बाद झाले तरी बाद धरले जात नाही. ही दुर्बलता संरक्षित आहे. तिच्यात माया आहे. झुंडखेळातील शत्रू दुर्बल असूनही त्याला हे संरक्षण नाही. तो दर वेळी बाद होतो आणि तेवढ्याचसाठी आलेला असतो. रचनेच्या दृष्टीने मात्र ‘लिंबूटिंबू’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिल्या घटकाचा प्रतिध्वनी जोडून घडवलेल्या अशा शब्दांचा मराठीत या अर्थक्षेत्रात मोठा भरणा आहे : चिल्लीपिल्ली, चेलेचपाटे, आलतूफालतू, ऐरेगैरे, सोमेगोमे. ‘पाणीबिणी’ म्हटले की पाणी आणि त्यासारखे काहीबाही, असा सैल समूह सूचित होतो. एकेकाला वेगळे न काढता ‘आणि तत्सम’ म्हणण्याची ही मराठीची स्वाभाविक तऱ्हा होय. ‘सोमेगोमे’ या शब्दात तर दोन माणसांची नावेच या यंत्रात घालून त्यांची नावपणाची शक्ती काढून घेतलेली आहे. डगचे जे पडद्यावर झाले, ते सोम्याचे आणि गोम्याचे मराठीत आधीच झालेले होते.

तिसरा गट अवांतर गर्दीचा. ‘बाजारबुणगे’ हा शब्द मराठी वाचकाला पानिपताच्या वर्णनांतून परिचित आहे. लष्कराबरोबर चालणारे दुकानदार, नोकरचाकर, यात्रेकरू, बायकामुले यांचा तो वाचक. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत मराठी फौजेबरोबर असा मोठा समुदाय होता. हे लोक लढवय्ये नव्हतेच; तरीही पुढील काळातील मराठीत हा शब्द ‘निरुपयोगी खोगीरभरती’ अशा तुच्छतादर्शक अर्थाने रूढ झाला. ज्यांच्या हाती शस्त्र नव्हते, त्यांना दुर्बल योद्ध्यांच्या पंक्तीत बसवून हिणवणारा हा अर्थविकार डोळसपणे पाहण्याजोगा आहे. झुंडखेळातील शत्रू शस्त्र घेऊन येतो, म्हणून हा शब्द त्याला लागू पडत नाही. आणि लागू पडत नाही हे स्पष्ट म्हणण्यात त्या १७६१ सालच्या माणसांनाही थोडा न्याय मिळतो.

चौथा गट मोलाचा. ‘चिल्लर’, ‘फुटकळ’, ‘किरकोळ’ हे शब्द बाजारातून आले. मोठ्या नाण्याची सुटी नाणी, घाऊकाच्या उलट थोडकी विक्री, असा त्यांचा मूळ व्यवहार. ‘चिल्लर’ हा शब्द द्राविड भाषांकडून आला. कानडीत तो ‘चिल्लरे’ असा आजही सुट्या पैशांसाठी वापरतात. जपानीत या पात्रवर्गासाठी जो ‘झाको’ शब्द रूढ आहे, तोही असाच बाजारी आहे. त्याचा मूळ अर्थ निरनिराळ्या जातींचे एकत्र आलेले लहान मासे, ज्यांना वेगळा भाव मिळत नाही. इंग्रजीतही क्षुद्र माणसांना माशांच्या पिलांची उपमा देतात. तीन दूरच्या भाषांनी एकाच कल्पनेसाठी बाजाराचे माप वापरावे, हे केवळ योगायोगाचे वाटत नाही. जे एकेक मोजण्याच्या लायकीचे नाही ते वजनावर विकले जाते.

५. ‘किरकोळ’ची दुसरी बाजू

या चौथ्या गटातील ‘किरकोळ’ हा शब्द अधिक विचार करण्यास लावतो. त्याचा संबंध कानडी ‘किरुकुळ’ या शब्दाशी जोडला जातो. कानडीत ‘किरु’ म्हणजे लहान. मराठीत ‘किरकोळ’चा अर्थ क्षुल्लक, थोडके, फारसे महत्त्व नसलेले एवढाच राहिला. कानडीत मात्र ‘किरुकुळ’ शब्दाला छळ, त्रास, सतावणूक असा अर्थ आहे, आणि आजच्या वृत्तपत्री कानडीत तो याच अर्थाने सर्रास येतो. लहानसहान गोष्टींनी, पुन्हा पुन्हा, पिच्छा न सोडता दिलेला त्रास, असा अर्थाचा प्रवास तेथे झालेला दिसतो. कोल्हापूरपासून कानडी मुलूख दूर नाही. सीमेच्या अलीकडे जो शब्द ‘दुर्लक्ष करा’ असे सांगतो, तोच पलीकडे ‘तक्रार नोंदवा’ असे सांगतो.

झुंडखेळातील दुर्बल शत्रूचे संपूर्ण स्वरूप या दोन अर्थांच्या बेरजेत सामावलेले आहे. एकेकटा तो मराठी अर्थाने किरकोळ. घोळक्याने तो कानडी अर्थाने किरुकुळ. ‘कुंग-फू मास्टर’मधील कवेत धरणारी माणसे, ‘फायनल फाइट’मधील पाठीमागून येणारा डग, हे सर्व नायकाचा पराभव करीत नाहीत, त्याला जेरीस आणतात. नवशिका खेळाडू पहिला अर्थच ओळखतो, म्हणून पहिल्याच टप्प्यात त्याची शक्ती संपते. मुरलेला खेळाडू दुसरा अर्थ जाणतो. तो बॉसला भिण्याऐवजी घोळका आपल्या एका बाजूला राखण्याची काळजी घेतो.

या दृष्टीने पाहता ‘दुय्यम शत्रू’, ‘सामान्य शत्रू’, ‘हलके शत्रू’ यांसारख्या भाषांतरित संज्ञांपेक्षा ‘किरकोळ शत्रू’ ही संज्ञा अधिक ग्राह्य ठरते. ती बोलीत रुळलेली आहे, उच्चारायला सुलभ आहे, आणि तिच्या कुळात या पात्रवर्गाचे दोन्ही गुण नांदत आहेत. यावर असा आक्षेप येऊ शकेल की कानडी अर्थ मराठी भाषकाच्या ध्यानीमनीही नसतो, मग त्याचा आधार का घ्यावा? आक्षेप रास्त आहे. संज्ञेचा अर्थ व्युत्पत्तीने ठरत नाही, वापराने ठरतो. तथापि पारिभाषिक संज्ञा निवडताना, दोन शब्द सारखेच रुळलेले असतील तर ज्याचा इतिहास वस्तूच्या स्वरूपाशी जुळतो तो पत्करणे, एवढी सवलत अभ्यासकाला घेता येते. सीमाभागातील जो विद्यार्थी दोन्ही भाषा बोलतो, त्याला तर हा आधार शोधावाही लागणार नाही.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की मराठीने दुर्बलतेला एकच नाव दिलेले नाही. पायरीने खालचा, गणनेतून वगळलेला, लढाईशी संबंध नसलेला आणि मोलाने थोडा, हे चार निरनिराळे आहेत आणि त्यांच्यासाठी शब्दही निरनिराळे आहेत. झुंडखेळातील शत्रू यांपैकी चौथा आहे. परंतु बोलताना पहिल्या तिघांचे शब्दही त्याच्यावर सहज फेकले जातात, आणि मग तेच शब्द खेळाबाहेरच्या माणसांवरही तितक्याच सहजतेने फेकले जातात.

खेळात ही सरमिसळ निरुपद्रवी आहे. पडद्यावर पडलेल्या डगला घरदार नसते. तो दोनदा लुकलुकतो आणि नाहीसा होतो. इतिहासाच्या लेखनात आणि सार्वजनिक व्यवहाराच्या भाषेत ती निरुपद्रवी राहत नाही. ज्या समूहाला ‘चिल्लर’, ‘सोमेगोमे’ किंवा ‘बाजारबुणगे’ म्हटले, त्यातील आठवा कोण हे विचारण्याची सोय त्या शब्दानेच काढून घेतलेली असते. शब्दांची प्रतवारी लावणे हे अभ्यासकाचे काम आहे. ती लावताना गणनावाचकाच्या ठिकाणी क्रमवाचक ठेवून पाहण्याची सवय त्याने जोपासली, तर पुष्कळ ठिकाणी संख्येआड गेलेली माणसे पुन्हा दिसू लागतील.